महिन्याचं पिल्लू उचलू नका: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी एकच ओळ लिहिली होती, कुत्र्याचं पिल्लू आठ आठवड्यांचं व्हायच्या आत आईपासून आणि भावंडांपासून तोडू नका. त्या ओळीवर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. बऱ्याच जणांचं म्हणणं असं की महिन्याची पिल्लं नुसती खेळतच तर असतात, मग आईपाशी ठेवली काय आणि घरी आणली काय, फरक काय पडतो? मला नेमकं त्या "नुसती खेळतात" यावरच बोलायचंय. सांगलीत जनावरांच्या दवाखान्यात माझी तीस वर्षं गेली, आणि चावरा कुत्रा घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, आणला तेव्हा केवढा होता?

प्रश्न: मुलगा सहावीत आहे, त्याने गल्लीतून एक पिल्लू आणलंय, साधारण पस्तीस दिवसांचं असेल. दिसायला गोड आहे पण हात धरला की सोडत नाही, दात एवढे टोकदार की रक्त येतं. ओरडलं तरी परत चावतं. मोठेपणी हे डेंजर होईल का? आत्ताच सोडून द्यावं का? (विश्रामबाग, सांगली)

ताई, आधी महत्त्वाचं. रक्त आलं असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. पिल्लू लहान आहे, आपल्याच गल्लीतलं आहे, असला विचार करत बसू नका.

आता पिल्लाचं. ते रागीट नाहीये, त्याची शाळा अर्धवट सुटलीये. कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे दोन आठवड्यांच्या आसपास उघडतात पण नीट दिसायला-ऐकायला अजून बरेच दिवस जातात, तिसऱ्या आठवड्यात ते डुलत डुलत उभं राहतं, आणि साधारण त्याच वेळी खेळ सुरू होतो. पहिला खेळ म्हणजे फक्त तोंडात तोंड घालणं. मागच्या थंडीत आमच्या दवाखान्याशेजारी विटांच्या ढिगामागे एक तांबडी कुत्री व्याली होती, पाच पिल्लं, आणि मी रोज चहाचा कप घेऊन तिथंच बसायचो. तीन आठवड्यांची असताना ती एकमेकांचं नाक, कान, पाय चघळायची, एकाने जरा ढकललं की दुसरं धपकन बसायचं आणि आपण का बसलो हेच विसरून जायचं. मग दात फुटायला लागले. दुधाचे दात तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात, सुईसारखे, पण जबड्यात अजून जोर नसतो. मला वाटतं निसर्गाने ही जोडी फार विचार करून लावलीये, म्हणजे चावलं तर समोरच्याला झणझणीत लागतं पण मोठी जखम होत नाही.

पाचव्या आठवड्यात त्यातल्या काळ्याने पांढऱ्या पायाच्या भावाचा कान धरला आणि गदागदा हलवला. पांढऱ्या पायाचं क्यांव करून ओरडलं आणि सरळ विटांच्या मागे निघून गेलं. काळं तिथंच उभं, खेळ एकदम बंद कसा झाला हे त्याला कळेना. मग ते विटांपाशी गेलं, पुढचे पाय टेकवले, बूड वर, शेपूट हलतेय, तरी पांढऱ्या पायाचं येईना. बराच वेळ येईना. शेवटी आलं तेव्हा काळ्याने परत तोच कान धरला, पण या वेळी बेताने. एका दिवसात शिकलं असं मी म्हणणार नाही, पुढच्या दोन-तीन दिवसांत अजून चार-पाच वेळा रडारड झाली, पण आठवड्याभराने तोच कान, तीच पकड, आणि रडणं मात्र नाही. जोरात चावलं की खेळ बंद, बेताने धरलं की खेळ चालू. हा हिशोब भावंडं दिवसातून पन्नास वेळा घालून देतात, आपण माणसं कितीही जीव तोडून शिकवलं तरी तेवढं जमत नाही. शिवाय आई असते. सहाव्या आठवड्यात दूध तोडताना ती गुरगुरते, तोंडाने पिल्लाला खाली दाबते, आणि पिल्लू "नाही" म्हणजे काय ते शिकतं.

तुमचं पिल्लू यातलं जेमतेम दोन आठवड्यांचं शिकून आलंय. म्हणून आई आणि भावंडं अजून गल्लीत असतील तर आजच परत नेऊन ठेवा, आई बहुतेक वेळा घेते. मला माहितीये तुम्ही काय म्हणाल, रस्त्यावर ठेवलं तर गाडीखाली जाईल. ही भीती खरी आहे. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या लोकांनी रस्त्यावरची ३६४ पिल्लं जन्मापासून पाहिली, त्यातली जेमतेम १९ टक्के वयात येईपर्यंत जगली आणि बरीचशी माणसांमुळेच गेली. म्हणून नुसतं परत ठेवून मोकळं होऊ नका. कुत्रीला रोज भाकरी-दूध द्या, जमलं तर सगळं कुटुंबच तुमच्या कंपाउंडच्या आत पोत्यावर आणून ठेवा आणि मुलाला सांगा की तुझं पिल्लू हेच, रोज शाळेतून आलास की अर्धा तास त्याच्याशी खेळ. तीन-चार आठवडे थांबलात की आयुष्यभराचं काम होईल. माणसांची सवय लागायची खरी वेळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत असते, म्हणजे तुमचं काही निसटत नाहीये.

आई सापडलीच नाही तर भावंडाचं काम तुम्हाला करावं लागेल. जोरात चावलं की हात झटकायचा नाही, झटकला की त्याला वाटतं खेळ रंगला. हात ढिला सोडायचा, तोंडातून आवाज नाही, उठायचं आणि वीस सेकंद दाराआड जायचं. परत यायचं, परत खेळायचं. हाताऐवजी जुन्या पंच्याला गाठी मारून द्या. तोंडावर चापट मारू नका, त्याने पिल्लू चावणं सोडत नाही, हाताला घाबरायला शिकतं आणि घाबरलेला कुत्रा जास्त चावतो. आणि झोपू द्या हो त्याला, या वयात पिल्लू दिवसातला बहुतेक वेळ झोपतं, मुलं त्याला झोपू देत नाहीत आणि मग चिडचिडून संध्याकाळी ते सगळ्यांना ओरबाडतं.

प्रश्न: आमचं गाव आटपाडी तालुक्यात आहे. जानेवारीत माळावर ओढ्याच्या कडेला लांडग्याची चार पिल्लं खेळताना लांबून बघितली, मोबाईलवर व्हिडिओ पण घेतला. अगदी आमच्या मोतीच्या पिल्लांसारखीच खेळत होती, उड्या, लोळणं, एकमेकांची शेपटी धरणं. मित्र म्हणतो एक आणून डोळे उघडायच्या आत पाळलं तर कुत्र्यासारखंच होतं. खरं आहे का? (कॉलेजचा विद्यार्थी, आटपाडी)

नाही रे बाळा, आणि मित्रालाही सांग. लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने संरक्षण, पिल्लू उचलणं हा गंभीर गुन्हा आहे. आपल्या देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरलेत. वाघांएवढेच म्हण, किंवा थोडे कमीच. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या आपल्या दुष्काळी माळांवर ते अजून आहेत हे आपलं नशीब.

पण तू जे पाहिलंस ते बरोबर पाहिलंस. लांडग्याची आणि कुत्र्याची पिल्लं खेळतात ते जवळपास सारखंच. तसंच वाकणं, तसंच पाठीवर पडून पोट दाखवणं, लपून झडप घालणं, मानेचं कातडं धरून हलवणं. फरक खेळात कमी आणि घड्याळात जास्त आहे. कॅथरिन लॉर्ड नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी लांडग्याची आणि कुत्र्याची पिल्लं स्वतः वाढवून त्यांची तुलना केली, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दोन्हीकडे नाक, कान, डोळे जवळपास एकाच वयाला कामाला लागतात, आधी वास, मग ऐकणं, शेवटी नजर. पण कुत्र्याचं पिल्लू चार आठवड्यांचं झालं की बाहेर शोधाशोध करायला लागतं आणि लांडग्याचं दोनच आठवड्यांत. म्हणजे काय झालं बघ. लांडग्याचं पिल्लू जगात पाय टाकतं तेव्हा त्याला धड ऐकू येत नाही आणि धड दिसत नाही, फक्त वास आहे. त्या वासावर जे ओळखीचं होतं ते आपलं. त्यानंतर कान सुरू होतात तेव्हा प्रत्येक आवाज नवा आणि भीतीचा, डोळे सुरू होतात तेव्हा प्रत्येक हालचाल नवी आणि भीतीची. कुत्र्याचं पिल्लू जगात पाय टाकतं तेव्हा नाक-कान दोन्ही सोबतीला असतात, म्हणून माणूस, शेळी, मांजर, मोटारसायकल सगळं एकाच दमात त्याच्या ओळखीचं होऊन जातं आणि त्याच दिवसांत ते खेळायलाही लागलेलं असतं, मग माणसाशी खेळणं त्याला भावाशी खेळण्याएवढंच सोपं जातं.

म्हणून ज्या संस्था अभ्यासासाठी लांडग्याची पिल्लं वाढवतात तिथली माणसं डोळे उघडायच्या आधीपासून रात्रंदिवस त्यांच्याबरोबर राहतात, तिथंच झोपतात. एवढं करूनही ते माणसाला सरावलेलं लांडगंच राहतं, कुत्रं होत नाही. कुत्रं व्हायला हजारो वर्षं लागलीत, एका पिल्लाच्या जन्मात ते होत नाही.

एक गोष्ट मात्र तुला नक्की आवडेल. स्वीडनमध्ये स्टॉकहोम विद्यापीठातल्या दोघांनी आठ आठवड्यांच्या १३ लांडगा-पिल्लांपुढे चेंडू टाकून पाहिला, टाकणारा माणूस अनोळखी, आधी काही शिकवलेलं नाही. त्यातल्या तीन पिल्लांनी चेंडू उचलून त्या माणसाला आणून दिला. बाकीच्यांनी काही आणून दिला नाही. हे २०२० सालचं. आपण समजत होतो की माणसाबरोबर चेंडू खेळणं हे कुत्र्याने पाळीव झाल्यावर उचललं, पण त्याचं बी लांडग्यातच कुठंतरी होतं असं दिसतंय. मी ते वाचलं त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना दोनदा सांगितलं.

आणि ती पिल्लं माळावर जे करत होती त्याला टाइमपास समजू नकोस. अजून काही महिन्यांनी त्यांना मोठ्यांबरोबर शिकारीला निघायचंय. दबा धरणं, पाठलाग, पकड हे सगळे तुकडे ती खेळात आधी उलटसुलट करून बघतात, मध्येच आडवी पडतात, मध्येच पाठलाग करणारा आणि पळणारा अदलाबदल करतात. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की खेळात मुद्दाम तोल घालवणं, पडणं, घाबरणं हे अचानक येणाऱ्या प्रसंगाची तयारी असते, आणि मला ते पटतं. मोठे लांडगेही खेळतात बरं का, पण शिकार मिळवून पिल्लांची पोटं भरायची तर त्यांच्याकडे वेळ किती उरणार.

तुझ्यासाठी तीन कामं. त्या जागेचं नाव किंवा लोकेशन कुणाला पाठवू नकोस, व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा मोह होईल तरी नको. परत तिकडं जाऊ नकोस, माणसाचा वास लागला की लांडगीण पिल्लं तोंडात धरून दुसरीकडं हलवते आणि त्या धावपळीत पिल्लं मरतात. कुणी उचलायला निघालंच तर वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन कर. आणि हो, मोतीला आणि त्याच्या पिल्लांना लस टोचून घे, गावातल्या कुत्र्यांचा डिस्टेंपर नावाचा रोग माळावरच्या लांडग्यांना लागतो.

प्रश्न: दोन भाऊ-पिल्लं आणलीत, अडीच महिन्यांची. खेळताना एक सारखा वर आणि दुसरा सारखा खाली. खालच्याची दया येते म्हणून मी वेगळं करते तर तोच रडतो. काय करू? (कोरेगाव, जि. सातारा)

तोच रडतो, यातच उत्तर आलं ताई. वेगळं करू नका. मिशिगन विद्यापीठात बाऊअर आणि स्मट्स या दोघींनी कुत्र्यांच्या जोड्यांचे खेळ मोजून पाहिले, त्यांनाही हेच दिसलं की खेळ चांगला व्हायला वर-खाली अगदी निम्मं-निम्मं असावं लागत नाही. काही जोड्यांत एकच जास्त वेळ वर असतो आणि दोघंही मजेत असतात. तुम्ही एकच परीक्षा करा, वरच्याला दोन्ही हातांनी पाच सेकंद धरून ठेवा. खालचा उठून परत त्याच्याकडेच आला तर खेळ आहे. तो कॉटखाली जाऊन बसला, शेपूट पायात घातली, तर मात्र त्याला पुरे झालंय, तेव्हा थोडा वेळ वेगळं ठेवा.

लोक म्हणतात पिल्लं भांडून नंबर ठरवतात, तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेल. अमेरिकेत कायोटी म्हणून आपल्या कोल्ह्याच्या जातकुळीतलं जनावर आहे, त्याची पिल्लं खरंच महिन्याची होतात न होतात तोच कडाक्याची भांडतात, आधी भांडण आणि मग खेळ. मार्क बेकॉफ या अमेरिकन संशोधकांनी कायोटी, लांडगा आणि कुत्रा तिन्हींची पिल्लं पाहिली, त्यात लांडग्याची आणि कुत्र्याची पिल्लं भांडणं कमी करतात आणि खेळतात जास्त. तेव्हा तुमच्या घरात राजा कोण हे ठरत नाहीये, दोन भाऊ कुस्ती खेळतायत. आवाजाला घाबरू नका, खेळातलं गुरगुरणं मोठं असतं आणि अंग ढिलं असतं. आवाज बंद झाला आणि अंग ताठ झालं की मग जा मध्ये. एक मात्र करा, दोघांना दिवसातून थोडा वेळ वेगवेगळं फिरवा, नाहीतर ती एकमेकांतच एवढी गुंततात की तुमच्याकडे लक्षच देत नाहीत.

प्रश्न: आमचा कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून उभा राहतो. शेजारचे म्हणतात पोटात दुखत असेल. (मिरज)

शेजाऱ्यांचं अगदीच चूक नाही. समोर कुणी आहे, तोंड उघडं, शेपूट हलतेय, आणि दोन सेकंदांत तो उडी मारून पळतो, तर ते खेळायचं आमंत्रण. बेकॉफ यांनी हेही दाखवलंय की पिल्लू हे वाकणं कुठंही करत नाही, मान हलवून जोराचा चावा घ्यायच्या आधी किंवा लगेच नंतर जास्त करतं, म्हणजे "हे खोटं-खोटं होतं हं" असं सांगितल्यासारखं. पण समोर कुणी नसताना तो तसाच वाकून राहतोय, पाठ ताठ, खात नाहीये, उलटी होतेय, तर पोटच दुखतंय. तेव्हा उद्यावर ढकलू नका, लगेच दवाखान्यात न्या.

प्रश्न: कुत्रा नऊ वर्षांचा झाला तरी बॉल आणून पायाशी टाकतो. हे नॉर्मल आहे का? (सातारा)

एकदम नॉर्मल काका, आणि छान आहे. म्हातारपणापर्यंत माणसाशी खेळायची हौस राहणं हा कुत्र्याचा खास गुण. फक्त बॉल उंच टाकू नका, जमिनीवरून घरंगळत सोडा, सांध्यांना बरं पडतं.

प्रश्न: आमची मेंढरं आहेत. राखणीसाठी कुत्रं वाढवतोय, सात महिन्यांचं झालंय. लांडगा आला की भुंकतं, पण दिवसा कोकरांच्या मागं धावतं, पाय धरतं, लोकर उपटतं. एक कोकरू लंगडं केलं. भाऊ म्हणतो याला रक्ताची चटक लागली, मारून टाकू. (जत)

दादा, मारू नका. त्याला चटक लागलेली नाही, ते पोरवय आहे. कोकरू मारून खाल्लं असतं तर गोष्ट वेगळी होती, ते धावतं आणि धरतं आणि सोडतं, म्हणजे कोकराला भावंडं समजून खेळतंय. कोकरू पळतं म्हणून खेळ रंगतो आणि कोकराला भावंडासारखं ओरडून "लागलं" असं सांगता येत नाही म्हणून लंगडं होतं. अमेरिकेत रेमंड कॉपिंजर यांनी १९७० च्या दशकापासून युरोप-तुर्कस्तानातल्या राखणीच्या कुत्र्यांवर काम केलं, त्यातही पोरवयातल्या चांगल्या कुत्र्यांची हीच तक्रार मेंढपाळ सांगायचे. हे वय सरलं की बहुतेक कुत्री निवळतात.

तोवर असं करा. उनाड गाईच्या गळ्यात आपण लोढणं बांधतो ना, तसंच हलकं लाकूड त्याच्या पट्ट्याला बांधा, चालताना पुढच्या गुडघ्यांना लागेल एवढं लांब. चालता येतं, भुंकता येतं, पण सुसाट धावता येत नाही. तिकडचे मेंढपाळही नेमकं हेच करतात, दोन्हीकडच्या माणसांना एकच युक्ती सुचावी याचं मला फार अप्रूप वाटलं. कोकरांचा वाडा वेगळा ठेवा आणि याला मोठ्या मेंढ्यांत सोडा, दोन-तीन खमके मेंढे असले तर उत्तम, हा अंगाशी आला की ते ढुशी मारतात आणि ती ढुशी त्याला तुमच्या काठीपेक्षा लवकर समजते. तुमच्याकडं जुनं जाणतं कुत्रं असेल तर याला रोज त्याच्याशी मनसोक्त खेळू द्या, म्हणजे कोकरांपाशी येईल तेव्हा दमलेलं असेल. आणि कोकराच्या मागं धावताना दिसलं की त्याच क्षणी दरडावा, अर्ध्या तासाने मारलं तर त्याला काहीच कळत नाही.

पुढच्या वेळी पिल्लू घ्याल तेव्हा आठ आठवडे आई-भावंडांत राहू द्या, पण ती कुत्री व्याली असेल ती जागा मेंढरांच्या वाड्यातच करा. म्हणजे भावंडांत चावायचा बेत शिकेल आणि त्याच दिवसांत मेंढरांचा वासही आपला वाटेल. पावसाळ्याला घराकडं परताल तेव्हा सगळी कुत्री घेऊन दवाखान्यात या, एकाच दिवशी रेबीजची लस टोचून देतो. त्या लंगड्या कोकरालाही घेऊन या, पाय बघतो.